भाऊजींना आवतण

भाऊजी, तुमच्या मयतीला अमरावतीत राजापेठेत जमलेली माणसं पाहून मामाजी चक्रावूनच गेले. तुमच्या शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, रविवारी तुमच्या देवळात तुमच्याबरोबर गाणारी मंडळी, नाक्यावरचे टांगेवाले, समोरचा किराणावाला. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामाजी माझ्या कानाशी लागून म्हणाले, "सुनबाई, हे एवढे लोक याले कसे ओळखतेत? गावात तं हा निंबाखाली एकटाच बसे." भाऊजी, मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, वहिनी हुंदके देते आहे. देतही होते म्हणा. पण तुम्ही असता तर तुम्हीच आधी हसला असता, आणि मला वाचवायला खोकला आल्याचं सोंग केलं असतं.

माघ संपता संपता तुम्ही गेलात. वर्गात भिंतीवर नकाशा टांगत होतात, छातीत कळ आली आणि खुर्चीत बसलात ते बसलातच. आता वैशाख लागलाय. तुमचं-माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून आज दुपारी लिहायला बसले. तुमचे दादा दारातून डोकावून म्हणाले, "कोनाले लिवून राहिली?" मी म्हटलं, पुंडलिकभाऊजीले. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बरं. माहाबी राम राम सांगजो." तर सांगितला.

तुम्हाला आठवतं, आपली ओळख कशी झाली? देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी अकोल्याहून लग्न होऊन हिवरखेडला आले, आणि माझा तिथला पहिलाच पोळा. पाऊस भुरभुरत होता. आंगणाबाहेरच्या निंबाखाली पांढरा सदरा घातलेला एक माणूस छत्री उघडून दगडावर बसला होता, कुणी साहेब तपासणीला यावा तसा. मला वाटलं पाहुणे आहेत. मी तांब्या भरून नेला. तुम्ही हात पुढे केलात आणि मागे घेतलात. "वयनी, आदी घरात ईचारून घ्या. मी पुंडलिक. माह्यं पानी या घरात बंद हाये."

मी नवी नवरी. घरात धाकटा दीर आहे हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं तर त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "दे त्याले पानी. मी पाह्यलं नाही." मामाजी ओट्यावर बसून बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळा पुसत होते. त्यांनीही पाहिलं नाही. त्या दिवशी त्या घरात कुणीच काही पाहिलं नाही, आणि तुम्ही पुरणाच्या सहा पोळ्या खाल्ल्या.

पुढे तुम्हीच सगळं सांगितलंत. अमरावतीला शिकायला गेलेला शेतकऱ्याचा पोरगा, वाद घालायची खोड. तिथल्या एका ख्रिस्ती मास्तरांना वादात हरवायचं म्हणून त्यांचं शास्त्र मागून आणलंत, आणि वाचता वाचता स्वतःच हरलात. बाप्तिस्मा घेतल्यावर सरळ गावी येऊन मामाजींना सांगितलंत. लपवून ठेवायचं तुम्हाला कुठलं जमायला! मामाजी म्हणाले, "नाव पुंडलिक ठेवलं, आन मायबाप सोडून चालला. आजपासून अठी तुह्यं ताट नाही." आणि त्या दिवसापासून ते तुमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

ते तुमच्याशी बोलत नव्हते, पण माझ्यामार्फत अखंड बोलत. तुम्ही दर पोळ्याला यायचात, निंबाखाली बसायचात, आणि मामाजी ओट्यावरून, तुम्हाला स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगायचे, "सुनबाई, त्याले ईचार, अमरावतीकडं पाऊस कसा हाये?" मी वळायची. तुम्ही म्हणायचात, "बाबाले सांगा, चांगला हाये." मी परत वळायची. "त्याले सांग, अठी कपाशी पिवळी पडून राहिली." "बाबाले ईचारा, पानी साचलं काय वावरात?" माझी मान दुखून यायची. एकदा मी मधून उठून आत गेले तर दोघंही गप्प. परत आले तर मामाजी चिडलेले. "कुठं गेल्ती? त्यानं कायतरी ईचारलं असंन."

आणि ते आवतण! पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून मामाजी त्यांच्या कानाशी म्हणायचे, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." पाऊस जास्त असला की तुम्हाला गोठ्यात यायला हरकत नसायची, कारण बैलांना सोवळं नसतं. एका वर्षी तुम्ही सर्ज्या बैलाला खेटून उभे होतात. मामाजींनी आवतण दिलं, आणि तुम्ही मला म्हणालात, "वयनी, बाबाले सांगा, मी बैलाच्या बाजूलेच उभा होतो. मलेबी लागू झालं." मामाजींचे हात थांबले. मिशी जरा हलली. मग म्हणाले, "त्याले सांग, आवतण बैलाले होतं." पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्यासाठी पान वाढत होते तेव्हा मागून आवाज आला, "तूप कमी हाये त्याच्यावर."

तुम्हाला एवढंच पुरायचं. त्या चमचाभर तुपावर तुम्ही वर्षभर आनंदात राहायचात. मला राग यायचा. मी म्हणायची, "भाऊजी, मारोतीच्या देवळात एकदा जाऊन या. नुसते हात जोडा, मनात काय असंन ते असू द्या. बाबा तुमाले घरात घेतीन."

तुम्ही म्हणायचात, "मंग घरात जो येईन तो मी नसंन, वयनी. बाबानं मले घेतलं पाहिजे. माह्या सोंगाले घेऊन काय करतीन?"

"आन ते कदी होईन?"

"होईन. देवानं म्हटलं हाये. बापाचं मन लेकराकडं फिरवीन म्हणून. मी वाचलं तवा असं वाटलं, जसं माह्या नावानंच लिवलं हाये."

"कदी फिरवीन ते नाही लिवलं?"

"ते नाही लिवलं."

"तुमच्या देवाच्या घरी पंचांग नाही काय?" मी विचारलं होतं. तुम्ही छत्री खाली ठेवून हसलात. म्हणालात, "त्या दुसऱ्या पुंडलिकानं देवाले उभं करून वाट पाहाले लावली होती. माह्या बाबतीत देव हिशेब चुकता करून राहिला."

दरवर्षी हेच भांडण. मी थकायची, तुम्ही थकायचा नाहीत. असं मला वाटायचं.

मग सासूबाई गेल्या. चैत्राचं ऊन, जमीन तापलेली. तुम्ही निरोप मिळताच निघून आलात. गावातल्या चार जाणत्यांनी सांगितलं, खांदा देता येणार नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. वाद घालण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसानं मान हलवली आणि सगळ्यांच्या मागे, अनवाणी चालायला लागला. पुढच्या पोळ्याला तुम्ही आलात ते वाळून आलात. मी पान ठेवलं. तुम्ही पोळीला हात लावला नाही.

"वयनी," तुम्ही म्हणालात, "माह्याच्यानं आता प्रार्थना होत नाही. सकाळी उठतो, गुडघे टेकतो, आन शब्दच येत नाही. नुसता बसून राह्यतो. मले वाटे, विश्वास म्हणजे छाती काढून चालनं. हे तं नुसतं बसून राह्यनं हाये."

मला तुमचं शास्त्र ठाऊक नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक होती. मी म्हटलं, "भाऊजी, माय गेली त्या दिवशी मी तुमच्याजवळ धावत आल्ती, आठवते काय?"

"नाही."

"बाबानं पाठवलं होतं. तिरडी उचलता उचलता ते मागं वळले आन मले म्हणाले, 'त्याले सांग, चपला घाल म्हणा. जमीन पोळून राहिली.' मी येऊन सांगतलं. तुमी माह्याकडं पाह्यलं, पण ऐकलं नाही."

बायको गेलेली, तिरडी समोर, आणि त्या माणसाला तुमचे पाय दिसले होते. तुम्ही मान खाली घातली. मग नाक पुसलं आणि म्हणालात, "आना ती पोळी इकडं."

भाऊजी, मी मारोतीला शनिवारी तेल घालणारी बाई. पण त्या वर्षी तुमचा विश्वास मी सांभाळला, हे तुम्ही मान्य कराल ना? मी कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

महाराष्ट्र झाला, त्याच्या दोन-तीन वर्षांनंतरची गोष्ट. त्या पोळ्याला तुम्ही आला नाहीत. मामाजींनी सकाळपासून बैल सजवले. एका शिंगाला दोनदा रंग दिला, दुसऱ्याला द्यायचा विसरले. प्रत्येक मोटारीचा आवाज आला की मान वर. दुपारी तोरणाखाली बैल नेले तेव्हाही डोळे रस्त्याकडे. संध्याकाळी मला विचारलं, "सुनबाई, आज पोळाच हाये ना?" मी म्हटलं, "हो." "मंग त्याले ठाऊक नाही काय?"

चार दिवसांनी गावातला एक जण अमरावतीहून आला. त्यानं सांगितलं, तुम्हाला कावीळ झाली आहे, डोळे हळदीसारखे झालेत. दुसऱ्या दिवशी पहाटे मला हाक आली. "सुनबाई, शिदोरी बांध. अमरावतीले जाऊन येऊ. तूबी चाल. त्याच्याशी बोलाले कोनी पाह्यजे ना."

तुमच्या दादांनी डोक्याला हात लावला. मी भाकरी बांधल्या, कोरडं बेसन, मिरचीचा ठेचा. मामाजींनी तांब्याभर पाणी घेतलं. "मी तठी थेंबभर पानी घेनार नाही. पाहीन आन येईन." हिवरखेडहून अकोल्यापर्यंत मोटार, अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून टांगा. तांब्या सबंध वाटभर मामाजींच्या मांडीवर. बडनेऱ्याला उतरताना धक्का लागला आणि सगळं पाणी एका पोलिसाच्या बुटांवर. मी नळावर भरून आणते म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. एवढी कुठं तहान लागली."

दार मार्थानं उघडलं. तुमच्या बायकोला मामाजींनी तोवर पाहिलंही नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला, वाकून नमस्कार केला, सतरंजी टाकली. मामाजी भिंतीकडे पाहून मला म्हणाले, "तिले सांग, चहा टाकू नोको."

मार्था म्हणाली, "मामाजी, मी अठीच हाये. मले ऐकू येते."

भाऊजी, तिनं हे इतकं साधेपणानं म्हटलं की मामाजींची पंचाईत झाली. असं त्यांच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "बरं," एवढंच म्हणाले.

तुम्ही खाटेवर उठून बसला होतात, पिवळे पडलेले, हाडं दिसत होती. बापाला घरात पाहून अंगावरची चादर नीट करायला लागलात. मामाजी सतरंजीवर बसले. कावीळ कशी उतरते आहे, वैद्य काय म्हणतो, सगळं माझ्यामार्फत चाललं. मला सकाळपासून प्रवास झालेला, कंबर धरलेली. मामाजींनी शिदोरी सोडली आणि म्हणाले, "सुनबाई, त्याले ईचार, भाकर खाईन काय?"

मी उठले. म्हटलं, "मामाजी, तुमीच ईचारा. मी बाहेर चालली." आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मार्थाही माझ्या मागे आली. आम्ही दोघी कठड्याला टेकून रस्त्याकडे पाहत असल्याचं दाखवत होतो, कान मात्र आत. मार्थानं माझा हात धरला. आणि मग मामाजींचा आवाज आला, घोगरा, पहिल्यांदा बोलायला शिकल्यासारखा.

"पुंडलिक. भाकर खाशीन काय?"

"खाईन, बाबा."

थोड्या वेळानं आत आलो तर दोघांच्या मध्ये फडकं पसरलेलं. मामाजी भाकरीचा पापुद्रा काढून तुम्हाला देत होते आणि रागावत होते, "तेल नाही, तिखट नाही, कोरडाच खा. ठेच्याकडं पाहू नोको, तो माहा हाये." वाद सुरू झाला होता, कावीळ भाकरीनं वाढते की नाही यावर. दहा-बारा वर्षांचं साचलेलं बोलणं, आणि तुम्ही भांडत होतात भाकरीवर! तेवढ्यात मामाजींना ठेच्याचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी, तोंडातून आवाज नाही, तांब्या रिकामा. मार्थानं पेला पुढे केला. मामाजींनी तो घटाघटा रिता केला आणि परत पुढे केला. "आनखी दे," म्हणाले.

परतताना आगगाडीत ते शिदोरीच्या फडक्याच्या घड्या घालत बसले. मग आपण होऊनच म्हणाले, "पोरगी चांगली हाये. तोंडावर बोलते."

इथूनच आपलं दुसरं भांडण सुरू झालं, आणि तेच अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणत होतात, देवाचा शब्द पुरा झाला. मी म्हणत होते, कुठला पुरा? पुढच्या पोळ्याला मामाजींनी तुम्हाला निंबाखालून उठवून ओट्यावर बसवलं, तुमच्याशी तोंडानं बोलायला लागले, हे खरं. पण उंबऱ्याच्या आत पंगतीला तुमचं ताट कुठं मांडलं? गावाची भीड, भाऊबंदांची भीड. मामाजी म्हणत, "थांब जरासा," आणि तुम्ही थांबत होतात. मी म्हटलं, हे अर्धंच आहे.

"अर्धं तं अर्धं," तुम्ही म्हणालात. "उरलेलंबी येईन."

"तुमी असानं तवा आलं पाह्यजे ना!"

"तशी अट मी घातली नाही, वयनी."

मी इतकी चिडले होते! म्हटलं, मग तुमाले काय भेटलं? सारा जन्म दारात बसून, दुसऱ्याले भेटनाऱ्या गोष्टीची वाट पाहाची? तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकलात, मजेत चघळलात आणि म्हणालात, "दारात बसून मले दर पोळ्याले बाबा दिसत होते ना. आत बसून तुमाले तेच दिसतेत." हे काय उत्तर झालं? मी त्यावर काहीतरी सणसणीत बोलणार होते, तेवढ्यात तुमची मोटार आली. पुढच्या पोळ्याला बोलू म्हटलं.

एक गोष्ट मात्र मला विचारायचीच राहिली. इतक्या वर्षांत तुम्ही मला कधीही तुमच्यात ये म्हणाला नाहीत. मार्था परवा सांगत होती की रोज सकाळी तुमच्या प्रार्थनेत माझं नाव असायचं, मामाजींच्या लगेच मागून. काय मागत होतात माझ्यासाठी? मार्थाला विचारलं तर म्हणाली, "मोठ्यानं नव्हते बोलत."

तर आता इथलं ऐका. मुलांना सुट्ट्या लागल्या तसे मामाजी स्वतः अमरावतीला गेले, या वयात, एकटे. आणि मार्थाला, तुमच्या लेकीला करुणाला आणि तिच्या भावाला घेऊन आले. आणलं ते सरळ उंबऱ्याच्या आत. भाऊबंदांपैकी एकानं ओट्यावर बसून मामाजींपुढे घसा खाकरला, "आबाजी, लोक काय म्हणतीन?" मामाजी म्हणाले, "मले काय ईचारतं? लोकाले ईचार." तो चहा न घेताच गेला. त्याच्या वाटचा तुमच्या दादांनी घेतला.

संध्याकाळी पंगत बसली. मामाजींच्या एका हाताला करुणा, दुसऱ्या हाताला तिचा भाऊ. मी वाढलं. तुमच्या दादांनी घास उचलला, आणि करुणानं डोळे मिटून हात जोडले. मार्था पटकन म्हणाली, "करुणा, मनात म्हण." मामाजींनी तिला हातानं थांबवलं. "मनात काहून? म्हणू दे." मग दादांकडे पाहून, "खाली ठेव तो घास. पोट्टीचं होऊ दे."

भाऊजी, तुमची लेक तुमच्यावरच गेली आहे. तिनं देवाकडे आजोबांसाठी मागितलं, मोठ्या आईसाठी, म्हणजे माझ्यासाठी, मागितलं, बैलांसाठी मागितलं, दोन्ही गाईंसाठी नावानिशी, आणि शेवटी शेजारच्या मांजरीचा लंगडा पाय बरा कर म्हणाली. वरण निवून गेलं. मी डोळे किलकिले करून पाहिलं तर मामाजींचेही मिटलेले, हात मांडीवर.

पण मला सांगायचं होतं ते कालचं. काल दुपारी ताटं मांडली आणि पोरगी कुठं दिसेना. आंब्याच्या झाडाखाली गेली होती पोरांबरोबर. भाकरी गरम होत्या. मी म्हटलं, मामाजी, सुरू करा, येईल ती. मामाजी ताटावर बसून होते, ताटाला हात न लावता.

"तिच्याबिगर कसं सुरू कराचं?" ते म्हणाले. "देवाचं कोन म्हणीन?"

मग कुणीच जेवेना. तुमचे दादा हात आवरून बसले, मार्था, मी, सगळं घर. मामाजींनी एकदा दाराकडे पाहिलं, आणि मग नीट मांडी घालून बसले, वाट पाहायला काही हरकत नसल्यासारखे. बऱ्याच वेळानं करुणा धावत आली, कोपरापर्यंत आंब्याचा चीक, परकराला हात पुसत. "अय बापा, तुमी जेवलेच नाही अजून!" म्हणाली, आणि डोळे मिटले.